पाळणा मावेल तीच गाडी

सौ. प्रेमला हिस मनःपूर्वक जयभीम.

पाळणा जागेवर दिसला नाही, तरी घाबरू नये. तो घडी करून मी सोबत नेला आहे. धम्मदीपसाठी तुझ्या सुती साडीची झोळी बांधली असून गाठ स्वतः ओढून तपासली आहे.

काल तू म्हणालीस, "आपल्या गाडीत सायकलींना आडवं व्हायला जागा आहे, मला नाही. बुद्धपौर्णिमेला, वेसाकच्या सुट्टीत तुम्ही बापलेक जा समुद्रावर, तंबू ठोका. आम्ही मायलेक घरीच बरे." त्यावर प्रियदर्शिनीही रुसली, "मम्मी नॉट गोइंग, देन आय ऑल्सो नॉट गोइंग लाह!"

हे मला मान्य नाही. सबब मी MRT रेल्वेने बुकित बातोकला जुन्या गाड्यांच्या यार्डात जात आहे. तेथे झोपण्याची सोय असलेल्या दोन व्हॅन आहेत. लहान गाडीत टीव्ही असल्याने दलाल तिचीच स्तुती करतो. मोठी दिसण्यास कुरूप आहे, परंतु तिच्या मागील उतरत्या फळीवरून सायकली आत चढतात आणि बिछान्याखाली राहतात. माझा कल मोठीकडे आहे.

तथापि दलालाच्या शब्दावर मी विसंबणार नाही. प्रथम पाळणा आत मांडीन आणि त्याच्या शेजारी स्वतः पाय पसरून निजून पाहीन. तू माझ्या खांद्याशी येतेस. मी मावलो, तर तू निश्चित मावशील.

डाळ भिजत घातली आहे. दुपारपर्यंत पाळण्यासह परतेन.

व्हॅन न जमल्यास या खेपेस सायकली घरी राहतील. तू राहणार नाहीस.

तुझा,
उत्तम