खोंडाच्या मानेवर माझी काठी

माझी धाकटी बहीण ताजुन्निसा हिला आपाचा सलाम आणि पोटभर दुवा.

तुझा गुडघा, तुझी साखर आणि तुझी सून अफशाँ, तिन्ही काबूत असतील अशी आशा आहे. अल्लाह तुला ठणठणीत ठेवो (पण फार नको, का ते शेवटी सांगते). हे पत्र नात सुहाना लिहितेय. अक्षर तिचं, चुका तिच्या, अक्कल माझी. फोनवरच बोलले असते, पण लेक हाशिर फोन स्पीकरवर टाकतो आणि सारं घर कान लावून बसतं. म्हणून सुट्टीवर दापोलीला निघालेल्या कादिरच्या हाती हे देतेय.

माझा हाशिर रियाधपासून दोन तासांवर गुरांच्या फार्मवर सुपरवायझर आहे, हे तुला ठाऊकच. ही गुरं दुधाची नव्हेत, मांसाची. गेल्या साली त्याने निवडलेला वळू दिसायला नवाब, पण चाळीस कालवडींपैकी नऊच गाभण राहिल्या. फार्मचा मालक, त्याचा कफील फहाद, तेव्हा नुसता चहा पीत राहिला (हाशिर म्हणतो, त्याचीच जास्त भीती). यंदाही निवड चुकली तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खलास, सामान बांधायचं. उमेदवार दोन, दोघेही सव्वा वर्षाचे खोंड. एक काळा, तुकतुकीत, फहादचा लाडका. दुसरा तांबडा, आपल्या मोठ्या मामूंसारखा, चेहऱ्यावर कसलाच उजेड नाही. हाशिरला काळ्यात खोट दिसत होती, पण मालकाच्या लाडक्याला नावं कोण ठेवणार? तेव्हा त्याला आई आठवली. माझ्या अम्मीने चाळीस वर्षं गुरं पाळलीत, असं मालकाला सांगून त्याने मला गाडीत बसवलं.

आता चाळीस वर्षांची सवय ती. गोठ्यात शिरले आणि आधी मानच बघितली. दोघांच्या मानेवर काठी आडवी ठेवून दाबली, जू कसं बसेल ते बघायला. मग आठवलं की इथे नांगर नाही, भात नाही, औषधाला चिखल नाही. या जनावराला जू कशाला? पण फहादला वाटलं, परीक्षा म्हणतात ती हीच. तो अदबीने दोन पावलं मागे सरला. मग मीही डोळे मिटून मान हलवली. काय करणार?

पुढचं मात्र नीट केलं. दोघांना सिमेंटवर चालवलं. काळ्याचे मागचे पाय खांबासारखे सरळ, पाऊल आखूड, नवे बूट चावलेल्या नवरदेवासारखं. असे पाय कालवडींच्या मागे किती दिवस टिकणार? तांबड्याचं मागचं खूर बरोबर पुढच्याच्या ठशात पडत होतं आणि पाठ अशी सपाट की वर पापड वाळत घालावेत. मग राहिली पिशवी, मागच्या पायांमधली. (सुहाना इथे थांबली. दादी, हे पण लिहायचं? म्हटलं, लिही, वळूची खरी डिग्री तीच.) खोंडांना लोखंडी चौकटीत अडकवून माझ्या ओढणीच्या काठाने दोघांचा घेर घेतला, गाठी मारल्या. तांबड्याची गाठ चार बोटं पुढे! गुरांच्या सुदानी डॉक्टरने टेप लावली: तांबडा छत्तीस सेंटीमीटर, काळा एकोणतीस. टेपही माझ्याच बाजूने बोलली.

फहादने काळ्याच्या पाठीवर एक थाप मारली. मग म्हणाला, "यल्ला, तांबडा." हाशिरने जो श्वास सोडला, तो तुझ्या अंगणापर्यंत आला असेल.

तुझी आपा,
शरफुन्निसा (अंगठा खाली आहे, शाई जास्त झाली)

ता. क. आता खरं काम. फहादने माझी कीर्ती चुलतभावांना सांगितली. तीन फार्मवर साठेक खोंड माझ्या काठीची वाट बघताहेत आणि माझं पुढच्या महिन्याचं तिकीट तो पुढे ढकलायला निघालाय. तेव्हा येत्या जुम्म्याला, जेवणं झाल्यावर फोन कर आणि सख्त आजारी पड. वीस वर्षं तू वरचेवर मरायला टेकतेस, आता एकदा माझ्या उपयोगाला टेक. फार कण्हू नको, हाशिर तुला ओळखतो.

ता. क. आणखी एक, हे अफशाँला हळू वाचायला सांग. डॉक्टर म्हणाला, चाल चांगली, माप चांगलं, बाकी अल्लाहच्या हाती. वासरं नऊ महिन्यांनी दिसतील. हाशिरला बजावलंय, कालवडी रिकाम्या राहिल्या तर सगळा दोष म्हातारीवर टाक. पण मग म्हातारी तोवर कफीलच्या हाती लागणार नाही इतकी लांब नको का? काठी फहादने मागून घेतलीय. माझ्यासाठी कुंपणातली एक कापून ठेव.