गाडीचं व्याज आणि हेफिन

कारमार्थन,
४ मार्च

चि. इडवल यास ग्लेनिसताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणजे पबपर्यंत नव्हे, हे तुला कोणीतरी लेखी कळवायला हवं होतं. फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. कानातल्या नव्या यंत्राने टीव्ही बरा ऐकू येतो, पण फोनवर तुझा आवाज बादलीच्या तळातून आल्यासारखा येतो. त्यापेक्षा पत्र बरं.

एक विचारायचं आहे. तुझ्या दाजींना, ब्रिनमॉरला, डायलिसिससाठी सारखं स्वान्सीला न्यावं लागायचं म्हणून आम्ही हप्त्यांवर निळी गाडी घेतली होती. आता कोण कुठले लोक फोन करतात. म्हणतात, बाई, कर्ज देणाऱ्या कंपनीने तुम्हाला न सांगता शोरूमवाल्याला कमिशन दिलं, त्यासाठी व्याज वाढवून लावलं, आमच्यामार्फत भरपाई मागा. मला धड ऐकू येत नाही, त्यात ते घाईत बोलतात.

गाडी हेफिनच्या शोरूममधून घेतली होती. तुला माहीतच आहे, ब्रिनमॉरचा हा शाळेपासूनचा दोस्त, चॅपेलमध्ये दोघे खांद्याला खांदा लावून गायचे. ब्रिनमॉर गेल्यापासून दर बुधवारी येतो. छपराच्या पन्हळींतला पाला काढतो, चहा घेतो आणि ब्रिनमॉरच्या गमती सांगतो. त्या गमती आता त्याच्याशिवाय कोणाला माहीत नाहीत. मी त्याला या फोनबद्दल विचारलं, तर म्हणाला, लुटारू आहेत ते, नादी लागू नकोस.

पण हप्ते फार जड गेले रे. त्यापायीच अ‍ॅबरपोर्थचा कॅरव्हान, आमचं समुद्रकाठचं चाकांवरचं घर, विकला. ब्रिनमॉरला शेवटचा उन्हाळा समुद्राजवळ काढायचा होता, तो पुढच्या खोलीत रस्त्याकडे बघत काढला. तुझं काय मत, ते कळव. थंडी आहे, गुडघ्याला जप.

तुझी,
ग्लेनिस


हल,
११ मार्च

ती. ग्लेनिसताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पबबद्दलचा मजकूर घरात मोठ्याने वाचला गेला, त्यामुळे आता तिथेही पहारा बसला आहे. उपकार झाले.

आता कामाचं. त्या फोनवाल्यांना काही सही करून देऊ नकोस. मिळेल त्यातला तिसरा हिस्सा ते खातील. तक्रार आपली आपणच करता येते, पैसे पडत नाहीत. कर्ज देणाऱ्या कंपनीला सरळ लिही की अमुक साली गाडी घेतली, कमिशनबद्दल कोणी एका शब्दाने सांगितलं नाही, किती घेतलं ते सांगा आणि जास्तीचं व्याज परत करा. त्यांनी नाही म्हटलं, तर पुढे कर्जाच्या तक्रारी बघणाऱ्या लोकपालाकडे जाता येतं, तेही फुकट. माझ्या शेजाऱ्याने हेच केलं.

एक लिहू का नको, असं दोन दिवस चाललं होतं. ताई, कमिशन शोरूमवाल्याला मिळायचं. पुष्कळ ठिकाणी व्याजाचा दरसुद्धा तोच ठरवायचा. दर जितका चढा, तितका त्याचा वाटा मोठा. त्या दिवशी टेबलापलीकडे कोण बसलं होतं, ते तूच आठव. रागावशील, माहीत आहे. रागावलीस तरी उत्तर पाठव.

तुझा धाकटा,
इडवल


कारमार्थन,
२ मे

चि. इडवल यास अ. उ. आशीर्वाद.

रागावले होते, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. ज्याने ब्रिनमॉरच्या शवपेटीला खांदा दिला त्याच्याबद्दल तू असं लिहावंस, हे मला फार लागलं. तरी तक्रार मात्र तू सांगितलीस तशी पाठवली.

कंपनीचं उत्तर आलं. नकार. म्हणतात, शोरूमने तुम्हाला सगळं तोंडी समजावून दिलं होतं. मला वाटलं, चला, हे सोपं आहे. हेफिन तिथे होता, त्याने काही समजावलं नाही एवढं त्याने लिहून दिलं की झालं. बुधवारपर्यंत थांबवेना, म्हणून बसने त्याच्या घरीच गेले. बागेत होता. मी नकाराचं पत्र पुढे केलं आणि म्हटलं, तुलाही त्यांनी अंधारातच ठेवलं असेल ना.

त्याने पत्र घेऊन शेवटपर्यंत वाचलं. त्याचं उत्तर मला ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा विचारलं. मग माझ्या कानाशी येऊन, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला. अंधार वगैरे काही नव्हता. कंपनीने दराची खालची आणि वरची मर्यादा दिलेली असायची, मधला आकडा तो टाकायचा. आमचा त्याने सगळ्यात वरचा टाकला. त्या महिन्यात विक्री कमी होती, आणि आम्ही दुसरीकडे चौकशी करणार नाही याची त्याला खात्री होती.

इडवल, कॅरव्हान रिकामा केला तेव्हा सामान हेफिननेच उतरवलं होतं. ब्रिनमॉर गाडीत बसून बघत होता, उठायची ताकद नव्हती. मी हेफिनला एकच विचारलं, ती खोकी उचलताना तुला हे ठाऊक होतं का?

तो म्हणाला, "होतं, ग्लेनिस. प्रत्येक खोकं उचलताना ठाऊक होतं."

मी निघाले. थांब, सोडतो म्हणाला. मी बसनेच आले. बुधवारी यायचं नाही, असं सांगून आले.

तू बरोबर होतास. तसं उत्तरात लिहू मात्र नकोस.

तुझी,
ग्लेनिस


हल,
९ मे

ती. ग्लेनिसताईस शि. सा. न. वि. वि.

नाही लिहीत. मी बरोबर असण्याचा मला या वेळी काडीचाही आनंद नाही.

फक्त एवढंच सांगतो, इथे थांबू नकोस. जे तुला बागेत सांगितलं ते त्याने कागदावर लिहून सही करावी. भरपाई देणार कंपनी आहे, त्याच्या खिशातून काही जाणार नाही. जाईल ती गावातली अब्रू, आणि शोरूम आता त्याचा मेहुणा चालवतो, तेव्हा घरातही भडका उडेल. उडू दे. तुला मागायला जड जात असेल तर मी येतो. पाय ओढत येईन, पण येईन.

तुझा,
इडवल


कारमार्थन,
२० सप्टेंबर

चि. इडवल यास अ. उ. आशीर्वाद.

तुला यायची गरज पडली नाही. मी मागितलंही नाही. जूनमध्ये हेफिनने आपणहून कंपनीला सगळं लिहून कळवलं आणि त्याची प्रत माझ्या दारातून आत टाकली. बेल वाजवली नाही, की वाजवली आणि मला ऐकू आली नाही, कोण जाणे. मेहुण्याने त्याच्याशी बोलणं टाकलंय म्हणतात. चॅपेलमध्ये तो हल्ली मागे, दाराशी उभा राहून गातो.

काल पैसे बँकेत आले. जास्तीचं व्याज आणि त्यावर थोडं वर. कॅरव्हान परत यावा इतके नाहीत, आणि आला असता तरी कोणाबरोबर जाणार? बँकेतल्या मुलीने अभिनंदन केलं. घरी येऊन स्वयंपाक न करताच बसून राहिले. खरं सांगू? पैशांपेक्षा मला बुधवार जास्त आठवतात. ब्रिनमॉरने पाद्रीबुवांची टोपी लपवली होती, ती गोष्ट अर्धी मला येते, अर्धी हेफिनला. माझ्या अर्ध्याने ती पुरी होत नाही. आणि ज्याच्याकडे उरलेली अर्धी आहे, त्यानेच ब्रिनमॉरचा शेवटचा उन्हाळा विकला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा मावतात, हे मला अजून उमगत नाही.

आज सकाळी तो फाटकाशी उभा होता. आत आला नाही. बुधवारी येऊ का, असं विचारलं. ऐकू आलं होतं, तरी मी दुसऱ्यांदा विचारायला लावलं.

मग म्हटलं, "ये. पण ब्रिनमॉरच्या खुर्चीत बसायचं नाही."

मान हलवून गेला. बरं केलं की वाईट, ते आत्ता मला विचारू नकोस. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी ताई,
ग्लेनिस