झडप, मेहुणे आणि उरलेली मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, पेशाने यंत्रे बनवणारा इंजिनिअर. उद्या सकाळी मीच तयार केलेली झडप माझ्याच हृदयात बसवून घेणार आहे. तरीही माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. बायकोचे आहे, पण ते लग्नापासूनचे असल्यामुळे धरू नये.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक बायकोला. शिल्लक पाहून तिने हसू नये.

२. लेथ आणि सगळी हत्यारे मुलीला. तिला त्यातले कळते. मला कळते हा माझा समज तिने शाळेत असतानाच मोडून काढला.

३. माझी करकरणारी खुर्ची मेहुण्यांना, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाला. मुद्दाम देत आहे. ते हृदयाचे सर्जन आहेत आणि मला 'फिटर' म्हणतात. मी त्यांना 'कसाई' म्हणत असे. घरी, दार लावून. शेवटी बायकोने आम्हाला हृदयाची झडप बनवायला हॉस्पिटलच्या बंद पडलेल्या धुलाईघरात एका टेबलाशी बसवले. म्हणाली, "खुशाल भांडा, पण हात हलवत परत येऊ नका."

तिथला नियम असा, की मी आकडे न सांगता बोलायचे आणि त्यांनी डॉक्टरी शब्द न वापरता. चुकेल त्याने दोघांचे कप विसळायचे. कप विसळण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

माझ्या पहिल्या झडपेला स्क्रू होता. दर सहा महिन्यांनी तो आवळावा, असे मी मोठ्या अभिमानाने सांगितले. मेहुणे म्हणाले, "म्हणजे दर सहा महिन्यांनी छाती उघडायची? मग चेनच बसवू की!" मी खरोखर चेनचा विचार करू लागलो होतो, हेही नमूद करतो.

४. माझ्यावर शस्त्रक्रिया करायला मेहुणे तयार नव्हते. "नात्यातल्या माणसावर मी हात चालवत नाही."

"मला नात्यात कधी धरलंत?" मी विचारले.

त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्या शस्त्रक्रियेची तारीख स्वतःच्या वहीत लिहिली. मला भरून आले. मेहुण्यांसमोर वाचताना हे वाक्य गाळावे.

५. मला मरणाची भीती आहेच, पण मेहुण्यांची काळजी जास्त आहे. मी टेबलावरच गेलो तर हा माणूस पुन्हा ती झडप हातात धरणार नाही आणि धुलाईघराला कुलूप लागेल. तसे होऊ देऊ नये. अंत्यविधीची घाई न करता झडप आधी बाहेर काढावी आणि मेहुणे व मुलगी यांनी शेजारी बसून ती तपासावी. चूक माझी निघाली तर मोकळेपणाने हसावे. मेहुण्यांची निघाली तर त्यांना कोणी एक शब्द बोलू नये. झडप सुधारावी. माझ्यामागे नंबर बेकरीवाल्या बाईंचा आहे. चार पायऱ्या चढल्या की त्यांना खाली बसावे लागते. त्यांची तारीख रद्द करू नये.

सही: (केली)

साक्षीदार पहिला: शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. सही.

साक्षीदार दुसरी: पलीकडच्या खाटेवरची बेकरीवाली. वाचून सही केली. माझी तारीख तशीच ठेवा.

ठिकाण: हृदयरोग वॉर्ड, खिडकीजवळची खाट.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस.