मिनिटाला दोनशे ठोके

५ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण वेगात होतो. टकटक करून ताल देणाऱ्या यंत्रावर रोज दहा ठोके वाढवायचे, असा नेम केलाय. आज मिनिटाला दोनशे! गिटारचे मास्तर म्हणतात, स्वर स्वच्छ आल्याशिवाय पुढे सरकू नकोस, तारा छेडायच्या पिकचं टोक तांदळाच्या दाण्याएवढंच हलव. त्यांचं ऐकलं असतं तर अजून साठावरच असतो. खालच्या काकूंनी विचारलं, पत्रा कापायचं काम घेतलंस का? खिडकीत कबुतराने अंडी घातलीत, ते नंतर सांगतो.

दोन एप्रिलला हॉटेलच्या बँडची परीक्षा. निवड झाली नाही तर तुझ्या सलूनमध्ये कामाला येईन, हा शब्द विसरलो नाही. पण माझ्यासाठी जागा अडवू नकोस.

लोभ वाढव, दहा-दहाने.
भटक्या

१२ मार्च
चि. भटक्यास,
अ. उ. आ.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग दुकानात लावलं. तुझे भावजी म्हणाले, गारा पडताहेत, कपडे आत घ्या. अरे, वाजवताना तुझी धापसुद्धा ऐकू येते! खांद्यापासून हाणतोस, दुसरं काय? मनगट सैल सोड, मास्तरांचं ऐक. मला मदतीला माणूस हवाय खरा, पण तू हरून आलेला नकोस.

माया आहेच, अक्कलही पाठवली असती.
ताई

३ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल परीक्षेत ड्रमवाल्याने सुरुवातीला काठ्यांच्या चार टिचक्या दिल्या, इतक्या संथ, की मला वाटलं झोप लागली त्याला. मी माझ्या वेगात निघालो. गाणारी बाई पहिल्या कडव्यात असताना माझं गाणं संपलंसुद्धा. उरलेला वेळ हाताची घडी घालून उभा होतो. बँडप्रमुख प्रेमाने म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो.

मग एकट्याला हळू वाजवायला लावलं. ताई, साठावर एकेक स्वर सुटा ऐकू येतो गं. माझा दर दुसरा चुकत होता. जागा एका पोस्टमनला मिळाली. पठ्ठ्याने जेमतेम चाळीस स्वर वाजवले, पण सगळे घरपोच.

सोमवारी येतो. काळजी नको, वेग फुकट जाणार नाही. दिवसाला शंभर डोकी सहज करीन.

राग नसावा.
भटक्या

६ एप्रिल
चि. भटक्यास,
अ. उ. आ.

ये. गिटारही आण. दुकान बंद झालं की साठावर वाजव, मी ऐकीन. मात्र सहा महिने नुसता केर काढायचा, हव्या त्या वेगात. कात्रीला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक दोन कान घेऊन येतं, आणि जातानाही त्याला दोन्ही लागतात.

वाट पाहते.
ताई