नातीची चौकशी

ती. आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

वॉर्ड न्यूमोनियाने भरलाय. जागा नाही म्हणून तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं शेजारी-शेजारी. गेल्या आठवड्यात एक आजोबा आणि त्यांची दूधपिती नात एकदमच आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ गेलं. "माझ्या बाबांना सांगू नका," म्हणत तिच्या वडिलांनी हात जोडले.

आजोबांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "सिस्टर, पोरगी कशी आहे?"

"झोपलीय," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. "माझाच खोकला लागला ना तिला?" मग मास्क लावून घेईनात. शेवटी बळेच लावला.

आजोबा वाचले. काल सून न्यायला आली, तर त्यांना मान वर करवेना.

बाबांचा खोकला कसा आहे? दादाच्या बाळाला मांडीवर घेतात का? वहिनीला सांग, बाळाची न्यूमोनियाची लस चुकवू नका. बाबांनाही मिळते ती. खोकला अंगावर काढू देऊ नकोस.

आणि मला धीर यावा म्हणून "सगळं ठीक" असं लिहू नकोस, आई. इथे मी रोज तेच बोलते. मला ते लगेच ओळखू येतं.

तुझी,
धाकटी