सायकलने केलेले अठ्ठावन्न किलोमीटर

३ जानेवारी २०२६, शनिवार. सकाळी ६.४२

वेळ मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणाला नाकारता यायला नको. बरोबर सहा बेचाळीसला प्रफुलने आमच्या सायकल ग्रुपवर २६ जानेवारीच्या चंद्रपूर-गडचिरोली राइडची यादी टाकली. रूट इन्चार्ज: विक्की. मेडिकल: दिव्यानी. नाश्ता: ज्योत्स्ना मॅडम (टेम्पोत).

टेम्पोत. मला. तेही कंसात.

मी भूमी अभिलेख खात्यात पस्तीस वर्षे काढली. या भागातली गावे मला नकाशावर डोळे मिटून सापडतात. मोबाइलमधली बाई सांगेल तिकडे वळता येणे, ही विक्कीची एकमेव पात्रता. गेल्या आठवड्यात प्रफुलला अकरा पानी रूट प्लॅन दिला होता. सोबत हाताने ट्रेस केलेला नकाशा. मूल गावापासून सावली गावापर्यंत हायवेने न जाता आतून, डोंगरटोलीवरून. ट्रक नाहीत, धूळ नाही, वाटेत सावली. तो "लय भारी मॅडम" म्हणाला आणि त्याने प्लॅनवरच चहाचा कप ठेवला.

निश्चय: २६ च्या आत हा रूट स्वतः सायकलने करून दाखवायचा. मग रूट इन्चार्ज कोण, ते ग्रुपनेच सांगावे.

कमलाताईला सांगितले. (थोरली बहीण. माझ्याकडे राहते. वय एकाहत्तर, मते त्याहून जास्त.) ती म्हणाली, "टेम्पोत काऊन नाई बसत? गरम राह्यते आत."



५ जानेवारी, सोमवार

सराव सुरू. सायकलला एकवीस गिअर आहेत. सध्या तीन वापरते, बाकीचे राखीव.

घर ते रामाळा तलाव आणि परत. जटपुरा गेटपाशी ऑटोवाले कुठल्याही शिस्तीत वाढलेले नसल्यामुळे उतरावे लागले. पुढे चढ होता. त्यानंतर उतार होता आणि ब्रेकबद्दल माझी खात्री नव्हती.

एकूण ४ किमी. त्यात हातात धरून २.६. पण सायकलने पूर्ण चार केले. राइड सायकलची असते, तेव्हा अंतरही सायकलचेच मोजायला हवे. हे विक्कीच्या डोक्यात येणार नाही.

८ जानेवारी, गुरुवार

धुके. थंडीत टायरमधली हवा आकसते, असे कुठेतरी वाचले आहे. विश्रांती. खेळाडूला विश्रांती हाही सरावच.

९ जानेवारी, शुक्रवार

विश्रांती चालू.

११ जानेवारी, रविवार. रात्री ८ (जागच्या जागी बसून)

झाले. क्रमाने लिहिते.

निघायची ठरलेली वेळ ५.३०. निघाले ८.१०. उशिराचे कारण कमलाताई. तिने डब्यात पोळ्या, चटणी, दोन संत्री, बाम आणि स्वेटर भरले आणि मग डबा बंद होईना.

शहराबाहेरच्या नाक्यापर्यंत ४ किमी. तिथे एक कोळशाचा ट्रक इतक्या जवळून गेला की सायकल आपोआप रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ती आणि मी, दोघीही. मागून श्रीहरीचा भाजीचा छोटा हत्ती आला. तो आमच्या गल्लीतच राहतो. थांबून म्हणाला, "बाई, सायकल बंद पडली का तुम्ही?"

मी म्हटले, दोघींपैकी कोणीही नाही. मूलपर्यंतचा रस्ता वादातला नाहीच, तो तपासण्यात अर्थ नाही. सायकल कोबीवर आडवी ठेवली. ४१ किमी. श्रीहरी सरासरी चांगली राखतो.

मूलहून आत वळले. इथून माझा रूट. सीटवर बसून सलग ६ किमी, फक्त चार वेळा थांबून. पाठ सरळ. शाळेत सिस्टर बर्नार्ड पाठीला फूटपट्टी लावून बसवायच्या, त्याचे चीज झाले. रस्ता उत्तम. मी गात होते, हे फक्त इथेच लिहिते.

११.४०. जंगल जिथे सुरू होते तिथे वनविभागाच्या पाटीखाली माणसे बसलेली. चार बाया, तीन बाप्ये. मला पाहून सगळे एकदम उठले. एक म्हातारी हसली आणि म्हणाली, "आली वं, आली."

मी समजले. अशा बातम्या पुढे पोहोचतात. एकटी बाई, या वयात, गिअरची सायकल. स्वागत साधे होते, हार नव्हते, पण भावना पोहोचली. सायकल स्टँडवर लावून मी दहा मिनिटे बोलले: सायकल आणि आरोग्य, सायकल आणि स्त्री, नकाशावाचनाचे महत्त्व. इतके शांत श्रोते मला ऑफिसच्या निरोप समारंभातही मिळाले नव्हते.

शेवटी लटारू नावाचा एक बाप्या म्हणाला, "झालं का बाई? आता आठ झालो. चला."

आठ म्हणजे मला धरून. पुढे तीन किलोमीटर दाट जंगल. परवा तिथून गाय गेली. नेली वाघाने, पण ही माणसे त्याचे नाव घेत नाहीत, नुसते "त्यानं" म्हणतात. एकट्यादुकट्याने आत शिरायचे नाही. पाटीखाली बसायचे, आठ जण जमले की मिळून निघायचे. ते साडेदहापासून आठव्या माणसाची वाट पाहत होते. कोणीही चालले असते.

मी म्हटले, मी सायकलने पुढे होते. मनकर्णाबाई (तीच हसणारी) म्हणाली, "पुढं गेली तं आम्ही सात राहू ना, बाई. अन् तू एक."

हिशोब चूक नव्हता. उतरले. तेवढ्यात तिने आपली तांदळाची पिशवी माझ्या कॅरिअरवर बांधली. मग दुसरीने बांधली. लटारूने हँडलला कोंबडी अडकवली, जिवंत. तीन किलोमीटर मी सायकल ढकलली आणि बाकीचे हात हलवत चालले. कोंबडी सारखी माझ्याकडे बघत होती. एकटी आली का, घरी कोण आहे, पोरंबाळं किती, पेन्शन वेळेवर येते का, सगळे विचारून झाले. लग्न केले नाही म्हटल्यावर मनकर्णाबाई थोडा विचार करून म्हणाली, "म्हणून सायकल घेतली का?"

नोंद: भार घेऊन सायकल उत्तम चालते. वेळ: एक तास दहा मिनिटे.

डोंगरटोली. गावापुढे एक किलोमीटरवर माझा रस्ता सुरू व्हायला हवा होता. तिथे तलाव होता. मालगुजारांच्या काळातला, मोठा, काठोकाठ. मी नकाशा काढला. नकाशात बैलगाड्यांचा रस्ता स्पष्ट, सरळ, पलीकडच्या आंब्यापर्यंत. आंबा जागेवर होता. मधला रस्ता तेवढा दिसत नव्हता.

लटारूला नकाशा दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "रस्ता हाये ना. पान्याखाली हाये."

मी म्हटले, हे शक्य नाही, १९९४ साली मी स्वतः या रस्त्याने मोजणीला पायी गेले आहे.

"कोन्त्या महिन्यात?"

मे महिन्यात.

"मंग मेमधी या, बाई. तवा आमच्या गाड्या बी जातेत."

हा उर्मटपणा मी सहन केला. मुद्दा साधा आहे: रस्ता नकाशात आहे, तेव्हा जागा रस्त्याची आहे. तलावाने अतिक्रमण केले आहे. पाणी किती खोल आहे ते पाहिल्याशिवाय रूट रद्द करणे बेजबाबदारपणाचे ठरले असते, म्हणून पुढचे चाक आत घातले. चिखल. मग मागचे चाक. मग मी, डाव्या बाजूने.

काठावर शिंगाडे तोडणारे दोघे होते. त्यांनी आधी सायकल काढली, नंतर मला. क्रम लक्षात ठेवला आहे. मग शिंगाड्यांच्या डोंग्यात सायकल आडवी, मी उकिडवी, आणि लटारू मागे बांबू घेऊन. अर्धा किलोमीटर. पाठ सरळ ठेवली. लटारूने माझ्याच फोनवर फोटो काढला. मनकर्णाबाई काठावरून ओरडली, "आता पायडल मार, बाई."

पलीकडून भाताच्या तणसाने (पेंढ्याने) भरलेल्या ट्रॅक्टरवर हायवेपर्यंत २.५ किमी.

बेरीज: ४ + ४१ + ६ + ३ + १ + ०.५ + २.५ = सायकलने केलेले ५८ किमी. टपावर सायकल टाकून बसने परत आले, ते अंतर धरलेले नाही. फुशारकी मारायचा माझा स्वभाव नाही.

डावा गुडघा नारळाएवढा झाला आहे. कमलाताई बाम चोळते आहे. ती गप्प आहे, हे मला आवडलेले नाही.

१२ जानेवारी, सोमवार

ग्रुपवर अहवाल टाकला. "रूट सायकलने तपासला. ५८ किमी. योग्य." सोबत फोटो. सत्तावन्न जणांनी पाहिला. विक्कीने विचारले, "मॅडम, सायकल नावेत काऊन हाये?" यावर एकतीस जण हसले. मी नावे लिहून ठेवली आहेत.

१४ जानेवारी, बुधवार. दुपारी

प्रफुल घरी आला. चहा घेतला. (कप ठेवायला बशी दिली.) बराच वेळ गुडघ्याचे बोलला. मी सरळ विचारले: माझा रूट घेणार की नाही, आणि टेम्पोत मला कोणी टाकले?

त्याने कमलाताईकडे पाहिले. कमलाताईने खिडकीकडे पाहिले.

ती म्हणाली, "मीच सांगतलं त्याले." डिसेंबरात मी आपल्याच फाटकापाशी सायकलवरून पडले होते आणि पाच मिनिटे उठले नव्हते. ती आतून हाका मारत होती. त्याच संध्याकाळी तिने प्रफुलला फोन केला, बाईले गाडीत ठेवजो म्हणून. "तुले काई झालं तं मी भांडू कोनाशी?" असे म्हणाली आणि आत जाऊन भांडी आपटू लागली. सगळी घासलेली होती.

प्रफुल म्हणाला, "मॅडम, रूट खरंच भारी हाये. पण आमी चाळीस जन, डोंगा एक."

म्हणजे हा कट होता. स्वतःच्या घरात. तिच्याशी बोलणे बंद.

१५ जानेवारी, गुरुवार

बोलणे बंद. तिने न विचारता भाकरी आणि जवसाची चटणी वाढली. न बोलता खाल्ली. दोन जास्त.

१७ जानेवारी, शनिवार. सकाळी ७

फाटकापर्यंत सायकल नेऊन पाहिली. गुडघा वळत नाही. परत आणली. एकूण २२ मीटर, सायकलने.

मागे वळून पाहिले तर कमलाताई दारात स्वेटर घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी ११

शांतपणे विचार केला. चाळीस जणांच्या राइडवर नीट लक्ष ठेवायचे तर सीटवरून ते होत नाही. उंची लागते, समोर काच लागते. म्हणजे गाडीच लागते. हे मला आधी सुचले नाही, कारण आधी ते प्रफुलला सुचले होते.

पत्राचा मसुदा:

प्रति, श्री. प्रफुल.

दि. ३ रोजी सकाळी ६.४२ वाजता माझा जो अपमान झाला, तो मी विसरलेले नाही. तथापि राइडच्या हितासाठी टेम्पोने येण्यास मी तयार आहे. नाश्ता विक्कीने करावा. माझी थोरली बहीणही सोबत येईल. तिला वारे सोसत नाही, तिला मध्ये बसवावे. पुढची खिडकीजवळची सीट माझीच राहील, असे गुरुवार, दि. २२ जानेवारी, सायंकाळी पाचच्या आत मला लेखी कळवावे.