टिकलीची उंची

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

टिकलीच्या रक्ताचा अहवाल डॉक्टरांनी समजावला, तरी तू मलाच पुन्हा विचारतेस. मी प्रयोगशाळेत नळ्या हलवणारी बाई, पण सांगते. पेशींमध्ये वाढीचे हुकूम सतत सुटत असतात. कुठला केव्हा गप्प करायचा, ते मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले रेणू पाहतात. तुझ्या लेकीत त्यांचा एक गट निम्माच आहे. म्हणून उंची कमी, बोटं आखूड. पोटुशी असताना तू शिलाई मशीन चालवलंस, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. सासूबाईंनाही हे वाचून दाखव.

औषध आज तरी नाही. हे रेणू मी रोज मोजते, आणि माझ्याच भाचीसाठी त्यातला एकही वाढवू शकत नाही.

माझ्यावर चिडलीस तरी लोभ तेवढा राहू दे.

तुझी ताई

१० एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्या शास्त्राला म्हणावं, हो बाजूला! सहा महिने एकशे चारवर अडून बसलेली टिकली आज एकशे सहा भरली. हे म्हणाले, केस दाबून मोज. तशीही मोजली. ती म्हणते, आता मावशीला पापा घ्यायला वाकावं लागणार नाही. निळ्या फ्रॉकला खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं, ते लगेच सोडलं.

बाकी गंमतच. वहीतल्या जुन्या मापांवर शिवलेले तीन गिऱ्हाइकांचे ब्लाउज तिघींनाही घट्ट! म्हटलं, बायांनो, तोंडाला जरा आवर घाला. भडकल्याच. माझी कापडी टेपही एप्रनच्या खिशात राहून उकळत्या पाण्यातून निघाली. आकडे शाबूत आहेत, नशीब.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे जायचंय. त्यांचं तोंड बघायचंय मला!

आनंदात आहे, तुझा लोभ यात मिसळ.

तुझी धाकटी

१८ एप्रिल

चि. धाकटीस, अ. आ.

तुझं पत्र चार दिवस उशाशी होतं. लिहू की नको, ठरेना. पण टिकलीला डॉक्टरांसमोर कळण्यापेक्षा आपल्याला आधी कळलेलं बरं.

स्वयंपाकघराच्या दाराला पडदा शिवलास, तेव्हा दाराची उंची वहीत लिहिली असशील. त्याच टेपने ते दार आज पुन्हा मोज. माझी शंका खोटी ठरली तर वाट्टेल तेवढ्या शिव्या दे. मला त्या हव्याच आहेत.

तुझी ताई

२५ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

परवा टिकली शाळेत गेल्यावर स्टुलावर चढले. वहीत दार दोनशे आहे. आता दोनशे चार भरलं.

दार काही वाढत नाही, टेपच आटली.

नवी टेप आणली आहे, पाकिटातून काढली नाही. काल फ्रॉक पुन्हा दुमडायला घेतला. पार पोटरीपर्यंत लोंबतो गं तिला. तर तिने हातातून ओढून घेतला. म्हणाली, राहू दे ना आई, मी पोचतेच आहे तिथपर्यंत.

तिला काय सांगू, तेवढं लिही. एरवीचा लोभ आहेच.

तुझी धाकटी